डाव्या पायपातला तुकडा

बायकोचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावाला गेले आणि मी गाडी काढली. गाडी उजवीकडं जायला लागली.

असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग खाली बघतात. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटतं. वाटू दे. मी चौथी शिकलोय, पण सरळ काय आणि वाकडं काय हे कळायला चौथी पुरते. आयुष्य फौंड्रीत गेलं. वाळूचे साचे करायचे, त्यात तापलेलं लोखंड ओतायचं. साचा केसभर सरकला तर माल वाकडा निघतो आणि मालक आईबहिणीवरनं बोलतो. त्यामुळं वाकडं मला लांबनं दिसतं.

गाडी म्हणजे मोटारसायकल, साडेतीनशे सीसीची, माझ्या लग्नाच्या आधीची. टाकीवरचं कंपनीचं नाव पुसून गेलंय. मी घेतली तेव्हाच ती दोघांच्या हातनं आली होती. रोज फौंड्रीला मी तिच्यावर गेलो, आणि रविवारी बायकोला मागं घेऊन जोतिबाला, नाहीतर तिच्या माहेराला. बायको नऊवारीत असायची, नंतर सहावारीत. एका अंगानं बसायची, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून. आमच्याकडच्या सगळ्या बायका तशाच बसायच्या.

तर गाडी उजवीकडं जायला लागली. हँडल दाबून धरलं तर सरळ, जरा सोडलं की निघाली उजवीकडं. मंगळवार पेठेतनं माझ्या घराकडं वळताना एका भाजीच्या हातगाडीला मडगार्ड घासलं. भाजीवाली म्हणाली, "आजोबा, दिसत न्हाय व्हय?"

मला दिसतं. मला त्या दिवशी जरा जास्तच दिसलं. मी घरी आलो, गाडी स्टँडला लावली आणि पुढच्या चाकासमोर उकिडवा बसून विचार केला. तेरा दिवस घरात माणसांचा लोंढा. मी आत भिंतीला टेकून बसलेला. गाडी अंगणात, चावी खुंटीला. मांडव घालायला जागा पाहिजे म्हणून जावयानं गाडी हलवली होती, हे मी स्वतः बघितलं होतं. त्याच्या ओळखीचा एक जण दहाव्याला आला होता. तो गाडीचे फोटो काढत होता. माणूस मेलेल्या घरात येऊन कुणी गाडीचे फोटो काढतं का? नंतर कळलं की तो जुन्या गाड्या गोळा करतो. जुन्या गाडीचं पुढचं अंग, म्हणजे शॉकअप, हँडल, दिव्याचा डबा, आता मिळत नाही. म्हटलं, झालं. माझी बायको गेली त्या गडबडीत माझ्या गाडीचं पुढचं अंग बदललं. खरं काढून नेलं आणि खोटं बसवलं.

मी कुणाला बोललो नाही. संशय हा बोलला की समोरचा सावध होतो.

फक्त लेकीला म्हणालो की गाडी ओढतीया. एकच लेक आहे मला, शाहूपुरीत दिलीय. ती डबा घेऊन आली होती. ऐकल्याबरोबर तिनं डबा खाली ठेवला.

"आबा, पुढचं सगळं बदलून घ्या," ती म्हणाली. "नवं बसवा. न्हायतर इकून टाका."

"इकू कशाला?"

"एकट्यानं चालवायची न्हवं ती गाडी."

"का? दोघांनी चालवायची असती व्हय गाडी?"

तिनं डब्याचं झाकण काढून परत लावलं.

मी तिला नुसतं 'ओढतीया' म्हणालो होतो. गाडी ओढायला शंभर कारणं असतात. टायर खाल्लेलं असतं, मागचं चाक तिरकं बसलेलं असतं, चेन एका अंगाला ताणलेली असते. हिला पुढचंच अंग कसं कळलं? माझ्या पोटच्या लेकीवर मी त्या दिवशी संशय घेतला. म्हटलं, ही त्यात आहे. नवऱ्यानं केलं आणि हिला ठाऊक आहे.

भाजीच्या गाडीची गोष्ट तिला शेजारणीनं सांगितली. मग चार दिवसांनी ती परत आली आणि समोर बसून बोलली, "हे बघा आबा, मी सरळ सांगतो. हा महिना. महिन्यात गाडी सरळ झाली आणि तुम्ही मला ती सरळ चालवून दावली तर तुमची गाडी तुमच्याकडं. न्हाय झाली तर चावी माझ्याकडं. आई गेली, आता तुम्हाला कुठं गटारीत पडलेलं मी बघणार न्हाय."

मी हो म्हणालो. नाही म्हणून चाललं असतं, पण तिचा आवाज फाटला होता आणि मला ते बघवत नाही. फौंड्री सुटली होती, बायको गेली होती. गाडी पण गेली असती तर दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या द्यायच्या, एवढंच काम मला उरलं असतं.

त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. गिरणीला गहू न्यायचा होता. पिशवी मोठी, मागं उभी राहीना, म्हणून डाव्या अंगाला दोरीनं बांधली. आणि गाडी सुतासारखी सरळ गेली. येताना पीठ तसंच बांधलं, परत सरळ. पिशवी काढली, कोपऱ्यापर्यंत जाऊन बघितलं. उजवीकडं.

आता माझी खात्रीच झाली. चोरानं असं काहीतरी बसवलंय की ज्याला डावीकडं वजन लागतं.

आमच्या गल्लीच्या मागं जुना मिस्त्री होता. पंचवीस-तीस वर्षं त्यानंच ही गाडी बघितली. पण त्याच्याकडं जायचा प्रश्न नव्हता. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्यावर पेट्रोल काढल्याचा आळ घेतला होता आणि त्यानं माझ्यावर पाना उगारला होता. शिवाय त्याचं दुकान बंद झालं होतं, डोळे गेले होते. म्हणून मी उचगावला गेलो. तिथं एक जण जुन्या गाड्यांचं काम करतो असं ऐकलं होतं.

माणूस चाळिशीचा, पोटावर बनियन, कानावर पेन्सिल. गाडी बघून त्यानं पहिलं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि दुसरी चक्कर माझ्याभोवती मारली.

"इकायची हाय काय, पावणं?"

"न्हाय."

"मग आणली कशाला?"

"सरळ करायची हाय."

त्यानं पुढचा ब्रेक धरून गाडी खालीवर दाबली, हँडल हलवून बघितलं. कट्‌कट् आवाज आला. "हँडलातले छर्रे संपल्यात. वाट्यांला खड्डे पडल्यात. शॉकअपचे पायपी आतनं गंजलेत. हे आता मिळत न्हाय पावणं. अलीकडच्या गाडीचे जाड पायपी बसवू, हँडलात छर्ऱ्यांऐवजी टेपर बेरिंग घालू. टी नवी करावी लागंल. लेथवर करून घेतो."

टी म्हणजे हँडलाखालचा तो लोखंडी जोड, ज्यात दोन्ही शॉकअप धरलेले असतात.

"आणि जुनं काढलेलं?" मी विचारलं.

"ठेवा की तुमी. न्हायतर मी ठेवतो."

हे 'न्हायतर मी ठेवतो' मला खटकलं. मी त्याला सांगितलं की मी इथंच बसणार, उघडल्यापासनं लावंपर्यंत. आणि काढलेल्या प्रत्येक भागावर माझी खूण मारणार.

"मारा की. माझ्या कपाळावर बी मारा."

खूण म्हणजे दोन ठिपके. फौंड्रीत प्रत्येक मोल्डरची एक खूण असायची. साचा केला की खिळ्यानं वाळूत ती दाबायची, म्हणजे ओतलेल्या मालावर उठून यायची. माल खराब निघाला तर कुणाचा ते कळायला. मला अक्षर काढायला वेळ लागायचा म्हणून मी दोन ठिपके घेतले. ते पस्तीस वर्षं माझं नाव होतं.

मी छिन्नी-हातोडी नेली होती. दिव्याचा डबा निघाला, मी दोन ठिपके मारले. हँडल निघालं, दोन ठिपके. मडगार्डाच्या पट्ट्या, वाट्या, टी. उचगावचा मिस्त्री एकेक भाग माझ्यापुढं ठेवायचा, देवापुढं नैवेद्य ठेवल्यासारखा. उजवा पायप उघडला. तेल काळं झालेलं. स्प्रिंग निघाली, नीट होती. मग डावा उघडला. स्प्रिंगच्या आधी काहीतरी खळकन ताटात पडलं.

लोखंडाचा तुकडा होता, बोटाच्या दोन पेरांएवढा, मध्ये भोक असलेला.

"हे काय?" मी म्हणालो.

"पॅकिंग हाय. स्प्रिंग ताठ करायला घालत्यात. पण एकाच बाजूला कशाला घातलंय?" त्यानं उजव्या पायपात बोट घालून बघितलं. "हितं न्हाय. डाव्यालाच हाय."

"म्हणजे चोरानं घातलं."

"कुठला चोर?"

मी सगळं सांगितलं. मांडव, जावई, फोटो. तो ऐकत होता आणि तुकडा फडक्यानं पुसत होता. मग त्यानं तो उजेडात धरला आणि माझ्याकडं असा बघितला की मला राग आला.

"पावणं, चेष्टा करताय व्हय माझी? हे तुमीच टाकलं न्हवं आत्ता?"

"मी कशाला टाकू?"

"तुमची खूण हाय की ह्याच्यावर."

मी हिसकावून घेतला. सगळा लेथवर घासलेला होता, पण एका टोकाला ओतीव लोखंडाची खरबरीत कातडी तशीच राहिली होती. त्यावर दोन ठिपके. छिन्नीनं खोल मारलेले नव्हते. वर उठलेले, वाळूतनं आलेले. माझ्याच साच्यातला माल. बाजूला हवेचा एक फुगा राहून पडलेलं बारीक भोक पण दिसत होतं. नापास झालेला बुश, यंत्रात दांड्याभोवती बसवतात तो.

"मागल्या महिन्यात घातलेला न्हाय हा," मिस्त्री म्हणाला. "बगा, स्प्रिंगनं किती खाल्लाय त्याला. वीस-तीस वरसं आत हाय हे."

मग जावई त्यातनं सुटला. पण मी सुटलो नाही. उलट जास्त अडकलो. कारण तो बुश मी ओळखला. नापास माल घरी न्यायला परवानगी होती, मी असला एकच बुश नेला होता. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून बायको तो उंबऱ्याजवळ ठेवायची. एक दिवस तो गायब झाला. मी शेजाऱ्यावर आळ घेतला, दोन वर्षं बोलणं बंद होतं आमचं. म्हणजे माझ्या घरातला लोखंडाचा तुकडा माझ्याच गाडीच्या पोटात गेला होता आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात आम्ही तिघंच होतो. आणि गाडीला हात लावणारा एकच माणूस होता.

मी तुकडा खिशात टाकला आणि बसनं परत मंगळवार पेठेत आलो.

जुना मिस्त्री घराच्या कट्ट्यावर बसला होता, तोंड उन्हाकडं करून. डोळ्यांवर हिरवी पट्टी.

"कोण हाय?"

"मी हाय."

"आवाज वळखला." तो म्हणाला. "घरात पेट्रोल न्हाय बाबा. सगळं गॅसवर हाय."

मी तुकडा त्याच्या हातात दिला. त्यानं अंगठ्यानं चाचपला, आत करंगळी घातली, टोकाचे ठिपके हाताला लागले तसा तो हसला.

"आयला, हे अजून चालू हाय? मी म्हटलं कवाच मोडलं असंल."

"कुणी घातलं हे?"

"मी. दुसरा कोण घालणार?"

"कुणाला इचारून?"

तो मग म्हणाला, "वहिनी गेल्या म्हणून कळलं. यायला पाहिजे हुतं मी. आलो न्हाय. तू दारात उभा केला नसतास."

"कुणाला इचारून घातलंस?"

"वहिनीनीच सांगितलं."

त्या क्षणाला माझ्या मनात काय आलं ते सांगतो. सांगायला बसलोय तर लपवून काय करू? माझ्या मनात आलं की माझी बायको मला न सांगता ह्याच्या दुकानात कशाला गेली होती? मेलेल्या बाईवर मी संशय घेतला, भर दुपारी, तिच्या दिवसांत काढलेले केस माझ्या डोक्यावर पुरते उगवले नव्हते तेव्हा.

"एकटी आलती?" मी विचारलं.

त्याला कळलं मी काय विचारतोय. आंधळ्याला चेहरा दिसत नाही, पण आवाज कळतो. तो थुंकला बाजूला.

"एकटी कशाला ईल? लेक हाताला हुती तुझी. आणि भाड्या, तू तिला चारचौघांत काय म्हणायचास ते आठवतंय का तुला?"

मला आठवत होतं. तो बोलायच्या आधीच आठवलं.

दुसऱ्या बाळंतपणात मूल गेलं, त्यानंतर ती अंगानं सुटली. गाडीवर बसली की गाडी डावीकडं कलायची. तेव्हा मला गंमत वाटायची. पेट्रोल भरताना, फौंड्रीच्या गेटावर, तिच्या भावाच्या दारात मी ओरडून सांगायचो, "हिच्यापेक्षा सिमेंटचं पोतं बरं, ते मध्ये तरी बसतंय. ही बसली की गाडी गटारीकडं निघती." लोक हसायचे. ती पण हसायची. ती हसायची म्हणून मला वाटायचं की तिला चालतंय.

मग एका वर्षी ती बसनं जायला लागली. मला म्हणाली, गाडीवर पोटात ढवळतं. मी म्हटलं, बरं. चार-पाच महिने मी जोतिबाला एकटा गेलो.

"तवा आलती ती," मिस्त्री म्हणाला. "म्हणली, दादा, माझं वजन तर आता कमी व्हायचं न्हाय. गाडीलाच काय तरी करा, म्हंजे ह्यांचं तोंड बंद हुईल. मी म्हटलं, डाव्या अंगाला स्प्रिंग ताठ करतो, हँडल केसभर फिरवतो. त्याला एक बुश लागंल. तर तिनं पिशवीतनं हे काढलं. म्हणली, हे चालतंय का बगा, दारात पडून हाय. मी शेजारच्या लेथवर घासून घेतलं."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तिनं नको म्हटलं. आणि पैसं द्यायला लागली तर मी घेतलं न्हाईत, ते बी आठव. पेट्रोल चोरतो मी न्हवं?"

त्यानंतर ती परत गाडीवर बसायला लागली. गाडी सरळ चालली. आणि मी काय केलं ठाऊक आहे? मी तिला म्हणालो, "बघ, आता माझा हात बसला. तू केवढीबी हो, मी गाडी सरळ नेतो." ती मागनं म्हणाली, "व्हय की."

तेवढंच. व्हय की. पुढं तीस वर्षं ती मागं बसली आणि एकदाही मला खरं सांगितलं नाही.

मी कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसलो. त्याच्या सुनेनं चहा आणला. आम्ही तो प्यालो. पेट्रोलबद्दल मी माफी मागितली नाही, त्यानं ती मागायला लावली नाही. पण उठताना त्यानं माझा दंड धरला आणि मी तो सोडवून घेतला नाही.

तिथनं सरळ शाहूपुरीला. लेक गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी तुकडा पापडांच्या शेजारी ठेवला. तिनं बघितला आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"तुला ठावं होतं," मी म्हणालो.

"व्हय."

"म्हणून म्हणलीस, पुढचं बदला."

"मग काय म्हणू? आईसाठी केलेली गाडी हाय ती. तिच्याबिगार कशी चालंल सरळ? मला तेराव्यापासनं झोप न्हाय, तुम्ही कुठं तरी आपटणार म्हणून."

"सांगायचं हुतं."

"आईनं शपथ घातलेली."

"ती गेली की आता."

"म्हणून शपथ सुटती व्हय?" ती चिडली. चिडली की अगदी आईसारखं नाक फुगतं तिचं. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? पहिलं त्या मिस्त्रीच्या अंगावर धावला असता. मग माझ्या. तुम्हाला खरं सांगायला माणसाला भ्या वाटतंय आबा. आईलाबी वाटायचं."

मी विचारलं, "आणि तो फोटोवाला?"

"त्याला मीच हाकलला. यांनाबी सांगितलं, परत घरात आणायचा न्हाय म्हणून."

मी जिना उतरलो. जावई खाली दुकानात होता. तो उठून उभा राहिला. मी त्याला काही न बोलता गेलो, कारण मी त्याच्याबद्दल काय विचार केला होता हे त्याला ठाऊक नव्हतं आणि सांगायची माझी हिंमत नव्हती.

उचगावला काम पुढं चाललं. नवे पायपी आले, दोन्ही सारखे. दोन्ही स्प्रिंगा सारख्या, मी दोन्ही शेजारी ठेवून मोजल्या. टी लेथवरनं आली, तिच्यावर पाणी भरलेली बाटली आडवी ठेवून मी बुडबुडा बघितला. टेपर बेरिंग बसलं. हँडल एका बोटानं फिरायला लागलं, ना आवाज ना झोल. आठव्या दिवशी गाडी उभी राहिली. मिस्त्री म्हणाला, "बसा पावणं."

मी रस्त्यावर काढली. दुसरा गिअर टाकला, हात जरा सैल सोडला.

उजवीकडं.

मी वळवून आणली आणि गाडीवरनंच बोललो, "तू काय तरी केलंयस. दोन स्प्रिंगा सारख्या दावल्या आणि तिसरीच घातली."

तो गाडीवर बसला. रस्त्याच्या टोकाला गेला, वळला, आणि माझ्यासमोरनं दोन्ही हात सोडून गेला. गाडी ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ. परत आला, गाडी लावली, मला आत नेलं. एक बिनपाठीचं स्टूल ओढलं.

"बसा ह्याच्यावर. हात गुडघ्यावर. आता आरशात बगा."

गाडीला लावायचा एक मोठा आरसा भिंतीला टेकून ठेवला होता. त्यात मी बसलो होतो. डावा खांदा वर, उजवा खाली, मान उजवीकडं. मी सरळ बसलोय असं मला वाटत होतं आणि आरशात एक वाकडा म्हातारा होता.

"गाडी सरळ हाय," तो म्हणाला. "तुमी वाकडं बसताय. जन्मभर डाव्या अंगाला माणूस बसवलं की आपण उजवीकडं झुकतोच. गाडी पडू नये म्हणून."

"मग तो तुकडा?"

"त्यानं काय फरक पडला, न पडला, देव जाणे. कदाचित पडला असंल थोडा. कदाचित तुमीच झुकायला शिकला असाल तवा. आता कोण सांगणार?"

मी त्याच्यावर ओरडलो नाही. काय ओरडणार? ओळंबा धरणारा मी, दुसऱ्याचा केसभर फरक मी पकडला आणि स्वतःचा खांदा मला दिसला नव्हता. आणि आता हे पण कळणार नव्हतं की तिनं केलेल्या कामाचा उपयोग झाला का नाही. सांगायला ती हवी होती.

महिन्यातले सहा दिवस उरले होते. मी गाडी घरी नेली नाही, उचगावलाच ठेवली. तिथं एक मैदान आहे, पोरं फुटबॉल खेळतात. सकाळी मैदान रिकामं असतं. कडेला फक्कीची पांढरी रेघ मारलेली असते. मिस्त्री म्हणाला, ह्या रेघेवरनं चालवा, चाक रेघ सोडंल तिथं थांबा. मी रोज सकाळी बसनं यायचो आणि त्या रेघेवरनं गाडी चालवायचो. पहिल्या दिवशी दहा हात पण जमलं नाही. डावा कुल्ला दाबून बसायचं, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं. तसं बसलं की मला वाटायचं मी डावीकडं पडतोय. तिच्या जागेवर पडतोय. शरीर आपोआप मागं सरायचं, उजवीकडं. तिला जागा करून द्यायला. मी शिव्या देऊन परत दाबून बसायचो.

चौथ्या दिवशी अर्धी रेघ जमली. मी गाडी थांबवली आणि मैदानाच्या मधोमध रडलो. सरळ बसायला यायला लागलं होतं, आणि मला ते यायला नको होतं. पण यायला पाहिजे होतं. दोन्ही खरं आहे.

सहाव्या दिवशी लेक आली. रिक्षातनं उतरली, पदर खोचून रेघेच्या टोकाला उभी राहिली, पंच उभा राहतो तशी. मी या टोकाला. मिस्त्री भिंतीवर बसलेला, शेंगा खात. मी निघालो. एके ठिकाणी चाक वीतभर सरकलं, मी डावीकडं दाबलं, परत रेघेवर आलं. शेवटपर्यंत गेलो. तिच्यापुढं गाडी थांबवली.

तिनं रेघ बघितली. फक्कीत चाकाचा ठसा उठला होता. ती ठशाबरोबर चालत मागं गेली, सरकलं होतं तिथं थांबली, वाकून बघितलं आणि परत आली.

"हितं सरकलीया," ती म्हणाली.

"व्हय."

"पण परत आलीया."

"व्हय."

"ठेवा मग," ती म्हणाली. "पण पावसात काढायची न्हाय. आणि गिरणीला मी पोरीला सांगतो, गहू ती नेईल."

मी मान हलवली. ती रिक्षा बघायला रस्त्याकडं निघाली.

"बस की," मी म्हणालो. "शाहूपुरीपर्यंत सोडतो."

ती वळली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिली. तिचं अंग पण आता आईवर गेलंय.

"नको बाबा," ती म्हणाली. "मी बसलो तर गटारीकडं निघंल."

मिस्त्री शेंग तोंडात धरून थांबला.  तिच्या आईला मी हे किती वेळा म्हणालो असेन ते मोजता येणार नाही, आणि हे ऐकताना ही लेक आईचा हात धरून उभी असायची, हे मला आतापर्यंत सुचलंच नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "बस."

ती मग आली, साडी सावरली आणि एका अंगानं बसली, पाय डावीकडं सोडून. माझ्या खांद्यावर हात ठेवला. गाडी डावीकडं कलली. मी दात आवळून सरळ बसलो, मग थोडा उजवीकडं झुकलो, आणि गिअर टाकला.